चालत्या घराची दुरुस्ती

पुण्यात फरासखाना म्हटले की आज पोलीस चौकी डोळ्यांपुढे येते. बुधवार पेठेतून कसब्याकडे जाणाऱ्या माणसाला ती नित्य दिसते, आणि नित्य दिसणाऱ्या वस्तूच्या नावाचा अर्थ विचारण्याची लोकांची रीत नसल्यामुळे हा शब्द मूळचा कशाचा, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. फरास म्हणजे बिछायत घालणारा आणि तंबू ठोकणारा सेवक. फरासखाना म्हणजे डेरे, राहुट्या, कनाती, सतरंज्या आणि जाजमे ज्या खात्याच्या हवाली असत ते खाते. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत त्याची गणना होई. जवाहीरखान्याचे तेज त्याला नव्हते, तोफखान्याचा दराराही नव्हता. तथापि ज्या राज्यातील कर्ती माणसे वर्षाचे सात-आठ महिने कापडाच्या छपराखाली काढीत, त्या राज्यात हे छप्पर धड ठेवणारे खाते क्षुल्लक कसे म्हणावे?

मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेले निजावयाचे, रांधावयाचे, राहावयाचे घर घेऊन हिंडणारी कुटुंबे आता महाराष्ट्रातही दिसू लागली आहेत. असे घर कधी ना कधी दुरुस्तीसाठी कारखान्यात सोडून यावे लागतेच. त्या वेळी मालकापुढे उभा राहणारा प्रश्न मात्र मोटारीहून फार जुना आहे. वाडा दुरुस्तीस निघाला तर गवंडी वाड्याकडे येतो. चालते घर नादुरुस्त झाले तर घरालाच कारागिराकडे जावे लागते. मग तोवर मालकाने कोठे जावे, आणि डोळ्यांआड झालेल्या घराचा भरवसा कशावर ठेवावा? पुणे शहराने ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या काळी पाहिली आहेत.

पेशवाईतील स्वारीचे वर्ष दसऱ्यास सुरू होई. सीमोल्लंघन झाले की डेरे शहराबाहेर पडत. पावसाळ्याच्या तोंडी फौजा परत फिरत, आणि ज्यांना परतणे शक्य नसे ते परमुलखात छावणी करून राहत. मधल्या काळात लष्कर म्हणजे एक चालते शहरच असे. पुढे बिनीवाले जाऊन जागा मुक्रर करीत, निशाण रोवले जाई, आणि मागून येणारे सरदार, कारकून, सावकार व बाजारकरी आपापल्या जागी उतरत. दौलतराव शिंद्यांच्या लष्करात १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या चालत्या शहराचे वर्णन आपल्या पत्रांत केले असून ती पत्रे १८१३ साली लंडनला छापली गेली. महाराष्ट्राच्या इतिहासाचा पुष्कळसा भाग ज्या वास्तूंत घडला त्या वास्तू चुन्याविटांच्या नव्हत्या, कापडाच्या होत्या. म्हणूनच त्या आज दाखविता येत नाहीत.

कापडाच्या घराचा पहिला वैरी ओल. ओला डेरा तसाच गुंडाळून ठेवला की त्यावर बुरशीचे ठिपके उठतात आणि पुढच्या मोसमात तो ताणताना शिवणीपाशीच फाटतो. दोरखंड कुजतात, खांबांना वाळवी लागते, सतरंज्यांत उंदीर घरे करतात. म्हणून स्वारीहून आलेला माल पसरून वाळवावयाचा, शिंप्याकडून थिगळे लावून घ्यावयाची, मेखा आणि खांब मोजून ठेवावयाचे, आणि दसऱ्यापूर्वी सारे सिद्ध करावयाचे, हा फरासखान्याचा व्याप. पावसाचे चार महिने हा त्याचा खरा हंगाम. कोठल्या सरदाराकडून काय आले, काय उणे निघाले, ह्याची जिनसवार याद होत असे. याद हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. घर हवाली करणारा आणि ते सांभाळणारा ह्यांच्यामध्ये तो कागद हाच काय तो साक्षीदार. बाकी मोठ्या सरदाराला चिंता नसे. त्याचा डेरा फरासखान्यात असे तेव्हा तो स्वतः आपल्या वाड्यात असे. साधा शिपाई आपले पाल पाठीवर घालून गावी जाई आणि बायकोकडून शिवून घेई.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. चालते घर म्हणावयाचे आणि त्यात चाकाचा मागमूस नाही, हे कसे? ह्याचे कारण दख्खनच्या भूमीत आहे. तंबूंचे ओझे उंट, बैल आणि हत्ती वाहत. धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांवरून येई. प्रतिष्ठित माणसे पालखीत नाही तर घोड्यावर बसत. चाक चाले ते मुख्यतः तोफेच्या गाड्याखाली, आणि घाटात त्या गाड्याने किती माणसे व किती बैल थकविले ह्याची गणती नाही. गावोगाव गाडे होते, नाही असे नाही. परंतु त्यांची चाके अखंड लाकडाची, क्वचित दगडाचीसुद्धा असत. असला गाडा शेतातून खळ्यापर्यंत जाई, परगावी जात नसे.

पालट झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याची गाडी कोकणात उतरू लागली. पुढे १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी चालली असता त्या खात्यातील गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटाच्या मनात आले की, कुणब्याला बाजार जवळ आणावयाचा तर त्याला हलकी गाडी दिली पाहिजे. त्याने पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णीस गाड्यांचा कारखाना काढला. आरे असलेले चाक, त्यावर लोखंडी धाव आणि दोन बैलांना ओढवेल असा आटोपशीर सांगाडा, असे तिचे रूप. ज्या गाडीला आज खेड्यापाड्यांतून अनादि काळची गाडी समजतात, तिचा सार्वत्रिक प्रसार अवघ्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांतला आहे, हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

ह्या गाडीबरोबर पुण्यात गाडीतळ आले. जुन्या बाजाराजवळचा गाडीतळ आणि हडपसरचा गाडीतळ ही नावे अजून बोलण्यात आहेत. तेथे बैलगाडी मात्र राहिलेली नाही. गूळ, धान्य, लाकूड घेऊन आलेला गाडीवान शहरात खोली घेत नसे. गाडी हेच त्याचे घर. साट्याखाली तो निजे, चाकाच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडी, जुवाला कंदील टांगी. आणि गाडी मोडली तर? तर तो तिच्याजवळच बसून राही. चाक काढून नेले तरी आसाखाली धोंडे रचून सांगाडा उभा ठेवी आणि रात्री त्याच छपराखाली झोपे. चालत्या घराच्या दुरुस्तीची ही पद्धत फरासखान्याहून अगदी निराळी. येथे याद नाही, पावती नाही, कारकून नाही. काम डोळ्यांदेखत होई, आणि डोळ्यांदेखत होणाऱ्या कामाला कागद लागत नाही.

ते काम कसे चाले हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते पाहिलेली माणसे आता विरळ होत चालली आहेत. बाभळीच्या लाकडाचे चाक उन्हाळ्यात सुकते, आकसते. आरे तुंब्यात खुळखुळू लागतात आणि धाव सैल पडते. अशा वेळी शहाणा गाडीवान रात्रभर चाक पाण्यात ठेवी. परंतु हा उपाय चार दिवसांचा. खरा उपाय धाव पुन्हा बसविण्याचा. धाव काढून, तोडून, तिची लांबी कमी करून लोहार ती पुन्हा सांधी. ती चाकाच्या परिघाहून बोटभर तोकडी ठेवावयाची, ह्यातच सारी विद्या. मग जमिनीवर तिच्याभोवती गोवऱ्यांचे कडे रचून पेटवीत. लोखंड तापून लाल झाले की फुगे. दोघे-तिघे सांडशींनी धरून ते चाकावर उतरवीत, घणाचे ठोके पडत, लाकूड करपून धूर निघे, आणि लगोलग घागरींनी पाणी ओतले जाई. लोखंड आवळले की आरे तुंब्यात आणि तुंबा आरांत असा काही जखडे की, सारे चाक एका लाकडाचे असल्यासारखे वाजे. धाव अधिक तोकडी झाली तर चाक वाकडे होई. कमी तोकडी झाली तर महिनाभरात पुन्हा सुटे. मोजण्याचे साधन काय, तर एक दोरी आणि लोहाराची नजर.

हे काम करणारे गावाचे बलुतेदार लोहार होते तसेच घिसाडीही होते. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. त्यांच्या घरच्या बोलीत गुजरातीचा अंश आढळतो आणि त्यांच्या परंपरेत मूळस्थान म्हणून गुजरात-राजपुतान्याचा निर्देश असतो. भाता, ऐरण, घण आणि सांडशी एवढा संसार घेऊन ते गावाबाहेर पाल ठोकीत. ऐरणीवर तापले लोखंड नवरा धरी आणि घण बहुधा बायको मारी. राजस्थानातील गाडिया लोहार ह्यांचेच समव्यवसायी. त्यांची तर गाडी हेच कुळाचे घर. १५६८ साली चितोड पडला तेव्हा पूर्वजांनी पक्क्या छपराखाली न राहण्याची आण घेतली अशी त्यांची श्रद्धा, आणि १९५५ च्या एप्रिलात पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेऊन ती आण सोडविली. घिसाड्यांच्या भटकंतीला असा कोणताही समारंभ लाभला नाही. लोकांची चालती घरे दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःही चालत्याच घरात राहत होता, आणि त्याचे घर दुरुस्तीसाठी कोणाकडे सोडण्याची त्याला गरज पडत नव्हती. त्याच्या व्यवसायाला खरा धक्का दिला तो रबराने. बैलगाडीला मोटारीची टायरे लागली तेव्हा धाव गेली, आणि धावेबरोबर घिसाड्याच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग गेला. खुरपी आणि विळे उरले.

मोटार आली ती नवा कारागीर घेऊन आली. पुण्याच्या रस्त्यांवर खाजगी मोटारबसगाड्या धावू लागल्या त्या काळी त्यांचा सांगाडा तेवढा परदेशातून येई; वरचा डोलारा येथील सुतार लाकडाचा बांधीत. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली तीही लाकडी डोलाऱ्याचीच होती. पुढे दापोडीस ह्या सेवेची मध्यवर्ती कार्यशाळा नावारूपास आली. लाकडी डोलारा लहानशा अपघातातही मोडे. म्हणून १९६० मध्ये दापोडीच्या कार्यशाळेने सर्वस्वी पोलादी डोलाऱ्याची गाडी बांधण्यास हात घातला आणि बैठका ४५ वरून ५४ वर गेल्या. सुताराच्या हातचे काम जोडारी आणि झाळकाम करणाऱ्याच्या हाती गेले ते असे. पुण्याच्या परिसरात मोटारीचा डोलारा बांधण्याची जी कारागिरी रुजली, तिच्या इतिहासात दापोडीचे स्थान मोठे आहे.

ह्याच परिसरात आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ पासून मॅटाडोर आणि १९८७ पासून ट्रॅव्हलर ही गाडी बाजारात आणली. दोन्हींचे मूळ जर्मन. ट्रॅव्हलर ज्या मर्सिडीजच्या गाडीवरून घेतली, तिच्यावर युरोपात राहती घरे पुष्कळ बांधली गेली होती. भारतात मात्र तिच्यातून शाळेची मुले, वऱ्हाडी आणि रुग्ण गेले. घर बांधण्याची कल्पना उशिरा आली. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या वाहन-मानकांत आता मोटार कॅरव्हॅनसाठी स्वतंत्र मानक आहे, ए. आय. एस. १२४. आसने व मेज, निजण्याची सोय, रांधण्याची सोय आणि सामान ठेवण्याची सोय, एवढे वाहनात पक्के बसविलेले असेल तर ते कॅरव्हॅन. मेज तेवढे काढता येण्याजोगे चालते. चूल आणि अंथरूण ह्यांवरून घर ओळखावे, ही व्याख्या गाडीतळावरच्या गाडीवानालाही मान्य झाली असती. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा गाड्यांना पाणी, वीज व मलनिःसारणाची सोय असलेल्या मुक्कामाच्या जागांचा त्यात विचार झाला. दुरुस्तीच्या जागेचा प्रश्न मात्र मालकावरच राहिला.

तो प्रश्न सोपा नाही. पेशव्यांच्या अठरा कारखान्यांतील चार-पाच कारखाने एका गाडीत कोंबावेत तसे हे वाहन असते. इंजिन पाहणारा मिस्त्री गॅसच्या नळीला हात लावीत नाही. विजेचे काम करणारा छपराच्या सांध्याकडे पाहत नाही. सुतार पाण्याच्या टाकीची जबाबदारी घेत नाही. सुटा भाग हवा असेल तर नाना पेठेतील दुकाने पालथी घालावी लागतात. आणि ओल आहेच. डेऱ्याची शिवण जेथे प्रथम सुटे तेथेच, म्हणजे छपराच्या कडेला आणि वायुवीजनासाठी पाडलेल्या भोकाभोवती, ह्याही घरात पाणी प्रथम शिरते. वर रंग कोरा करकरीत आणि आत लाकडाला बुरशी, ही स्थिती पुण्याच्या दोन पावसाळ्यांत सहज येते. सबब, घर कारखान्यात सोडण्यापूर्वी मालकाला ते जवळजवळ रिकामे करावे लागते. गॅसची टाकी काढावयाची, पाण्याच्या टाक्या ओताव्या लागतात, अन्नधान्य उचलावयाचे, कागदपत्रे व दागिना जवळ घ्यावयाचा. मग मुकादम गाडीभोवती फिरून तिचा कागद तयार करतो: किती किलोमीटर चालली, तेल किती आहे, जादा चाक आहे की नाही, जॅक आहे की नाही, कोठे ओरखडा आहे, मालकाची तक्रार काय. कारखान्यात त्याला जॉब कार्ड म्हणतात. फरासखान्याच्या कारकुनाने त्याला याद म्हटले असते. गाडीवानाच्या वेळी गळून पडलेला कागद अशा रीतीने पुन्हा आला, कारण घर पुन्हा डोळ्यांआड झाले.

डोळ्यांआडच्या वस्तूचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केला होता. दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू म्हणजे निक्षेप, हे अठरा व्यवहारपदांपैकी एक पद; आणि कारागिराच्या हाती घडविण्यास दिलेल्या वस्तूलाही नारदस्मृतीने निक्षेपाचेच नियम लावले. राजाने नेली, दैवाने नासली अथवा चोराने लुटली, तर याज्ञवल्क्य सांभाळणाऱ्याकडून भरपाई मागत नाही. ब्रिटिश अमदानीत १८७२ चा करार कायदा आला तो जवळजवळ ह्याच भूमीवर उभा राहिला. त्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणे, सामान्य शहाणा मनुष्य आपल्या मालाची जशी काळजी घेईल तशी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. तशी घेऊनही नुकसान झाले तर १५२ वे कलम त्याला मुक्त करते. पावसात उघड्या अंगणात महिनाभर उभ्या ठेवलेल्या घराची सामान्य शहाणा मनुष्य काय काळजी घेईल, ह्यावर दोन शहाण्यांचे एकमत होणे कठीण. म्हणून गाडी छपराखाली ठेवावयाची की उघड्यावर, हे कागदावर आधी लिहून घेणारा मालक पुढच्या वादातून वाचतो.

त्याच कायद्याचे १७० वे कलम कारागिराच्या बाजूचे आहे आणि चालत्या घराच्या मालकाने ते विशेष लक्षपूर्वक वाचावे. वस्तूवर ज्याने आपले श्रम व कौशल्य खर्चिले, त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवण्याचा अधिकार आहे; ह्यास धारणाधिकार म्हणतात. हा अधिकार न्याय्यच आहे. घिसाड्याला तो नव्हता असे नाही. परंतु धाव चाकावर बसली की ती पुन्हा उतरविण्यापेक्षा चार आणे उधार ठेवणे त्याला परवडे. कायद्याने दिलेले दाखले जवाहिऱ्याचे आणि शिंप्याचे आहेत. हिरा पैलू पाडण्यास दिला, तर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने तो ठेवून घ्यावा. हिरा महिनाभर पेटीत राहिला म्हणून कोणी उघड्यावर पडत नाही. घराचे तसे नाही. गंमत अशी की, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ऋणकोची स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्तीतून वगळले आहे. न्यायालयाचा बेलीफ ज्या चुलीला व बिछान्याला हात लावू शकत नाही, तीच चूल आणि तोच बिछाना गाडीत पक्के बसविलेले असले म्हणजे गाडीबरोबर कारखान्याच्या फाटकाआड राहतात.

पुण्यात सदनिका असलेल्या आणि सुटीत हिंडण्यासाठी गाडी ठेवणाऱ्या कुटुंबाला ह्याची झळ लागत नाही. ते पेशवाईतल्या सरदारासारखे आहे. ज्यांचा हंगामच मुळी गाडीत जातो, त्यांची गोष्ट वेगळी. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे माहेरघर. दसऱ्यानंतर हे फड बाहेर पडतात आणि यात्रा संपेपर्यंत कनाती, पेट्या, दिवे आणि माणसे मालमोटारींतूनच गावोगाव फिरतात. म्हणजे जुन्या स्वारीचेच वेळापत्रक. त्यांच्या गाड्या पावसाळ्यात दुरुस्तीस जाणे सोयीचे, कारण तेव्हा मंडळी आपापल्या गावी असतात. पण पावसाळा हा फडाच्या मिळकतीचाही खंड असतो. गाडी तयार आणि पैसा नाही, ही अडचण नेमकी दसऱ्याच्या तोंडावर उभी राहते, आणि गाडी सुटल्याखेरीज पैसा येणार नाही हेही तितकेच खरे.

अशा माणसासाठी १७० व्या कलमाचा दुसरा दाखला आहे, तो शिंप्याचा. गिऱ्हाइकाने अंगरखा शिवण्यास कापड दिले. शिवून होताच अंगरखा हवाली करीन आणि मजुरीसाठी तीन महिने थांबेन, असे शिंप्याने कबूल केले. ह्या शिंप्याला अंगरखा अडकवून ठेवता येत नाही. उधारीचा शब्द काम हाती घेताना दिला गेला असेल तर धारणाधिकार उरत नाही. तेव्हा जादा चाक, जॅक आणि ओरखडे ह्यांच्या यादीखाली मजुरी केव्हा द्यावयाची ही एक ओळ फाटकाशीच लिहून घेतलेली असली, तर मोटार तयार होईल त्या सायंकाळी तिची किल्ली मालकाच्या हाती पडते.